ग्रीक देव कुठून आले आणि त्यांचं कुठे चालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक देवांविषयीच्या बहुतेक शंकांच्या मुळाशी एकच समजूत असते: देव म्हटला की त्याला सगळं दिसतं आणि सगळं जमतं. ग्रीकांनी देव तसा कल्पिलाच नव्हता. प्रत्येक देवाला एक वाटा मिळालेला असे, त्या वाट्यात त्याचा मान असे आणि तिथे त्याचाच शब्द चाले. यासाठी ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत: ‘मोइरा’ म्हणजे वाटा आणि ‘तिमे’ म्हणजे मान. वाटणी आणि मानपान ही दोन सूत्रं हातात धरली की पुढच्या कथांमधले रुसवे, सूड आणि तडजोडी आपोआप उलगडतात.

ग्रीक देवांनी जग निर्माण केलं का?

नाही. आधी जग झालं, मग त्याच्या पोटी देव जन्मले. हेसिओद या कवीच्या ‘थिओगोनी’त (इ.स.पू. ७०० च्या सुमाराचं काव्य, सुमारे १,०२२ ओळी) क्रम असा आहे: सर्वांत आधी खाओस, मग गाइया म्हणजे पृथ्वी, तार्तारोस म्हणजे पाताळाचा तळ, आणि एरोस म्हणजे ओढ. खाओसचा मूळ अर्थ आ वासलेली पोकळी असा आहे, जांभई देताना तोंड उघडतं तशी. ‘गोंधळ’ हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला.

खाओसमधून एरेबोस (अंधार) आणि निक्स (रात्र) आले. त्या दोघांपासून आइथेर (वरचं लख्ख आकाश) आणि हेमेरा (दिवस) जन्मले. म्हणजे दिवस हे रात्रीचं लेकरू. गाइयाने कोणाच्याही साथीशिवाय ऊरानोस (आकाश), डोंगर आणि पोन्तोस (समुद्र) यांना जन्म दिला आणि पुढे ऊरानोसशीच संसार मांडला. एरोस इतक्या आधी का येतो, याचं उत्तर इथेच आहे: ओढ नसेल तर दोन गोष्टी जवळ येणार नाहीत आणि वंश पुढे सरकणार नाही. धनुष्यबाण घेतलेला गुबगुबीत पोरगा ही खूप नंतरची कल्पना.

होमर या कवीचं म्हणणं वेगळं आहे. ‘इलियड’ या त्याच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याच्या चौदाव्या सर्गात ओकेआनोस ही जगाला वेढणारी नदी देवांचं मूळ म्हटली आहे आणि तेथिस ही त्यांची माता. दोन्ही मतं ग्रीकांमध्ये शेजारी-शेजारी नांदली.

मग यातलं खरं कुठलं? ग्रीकांचा धर्मग्रंथ कोणता?

असा ग्रंथच नव्हता. होमर आणि हेसिओद सगळ्यांना पाठ असत, पण त्यांच्यापेक्षा वेगळी कथा सांगितली म्हणून कोणी पाखंडी ठरत नसे. प्रत्येक नगराची, कधी एकेका देवळाची स्वतःची कथा असे. त्यामुळे कुठलीही ग्रीक कथा सांगताना ती कोणाच्या तोंडची आहे, हे सोबत सांगायला हवं. ही एवढी सवय लागली तरी निम्मे वाद मिटतात.

आकाशाची सत्ता क्रोनोसकडे आणि त्याच्याकडून झ्यूसकडे कशी गेली?

गाइया आणि ऊरानोस यांना १८ मुलं झाली: १२ तितान (सहा मुलगे, सहा मुली), कपाळावर एकच डोळा असलेले तीन किक्लोप्स, आणि प्रत्येकी १०० हात व ५० डोकी असलेले तिघे भाऊ. ऊरानोसला ही मुलं डोळ्यांसमोर नको होती. जन्मलं की पुन्हा पृथ्वीच्या पोटात कोंबायचं, असा त्याचा खाक्या. गाइयाचा जीव घुसमटला. तिने करड्या, अभेद्य धातूचा दातेरी विळा घडवला आणि बापाला अद्दल कोण घडवेल, असं मुलांना विचारलं. सगळे गप्प बसले; धाकटा क्रोनोस तेवढा पुढे आला. रात्री ऊरानोस गाइयाजवळ येताच दबा धरून बसलेल्या क्रोनोसने त्याचं लिंग कापून मागे भिरकावलं. जमिनीवर पडलेल्या रक्तातून एरिनीएस (सूड घेणाऱ्या देवता), गिगान्त आणि मेलिआइ या वनदेवता निघाल्या. समुद्रात पडलेल्या भागाभोवती फेस जमला आणि त्यातून अफ्रोदिती.

आता क्रोनोस राजा झाला, पण आपल्यालाही मुलगाच खाली खेचणार हे त्याच्या कानी आलं होतं. त्याची बायको रेआ बाळंत झाली की तो बाळ गिळून टाकी. हेस्तिआ, देमेतेर, हेरा, हादेस, पोसेइदोन असे पाच गेले. सहाव्या वेळी रेआ क्रीट बेटावर गेली, झ्यूसला तिथल्या गुहेत लपवलं आणि नवऱ्याच्या हाती दुपट्यात गुंडाळलेला दगड दिला. त्याने तोच गिळला. पुढे झ्यूस मोठा झाल्यावर क्रोनोसला सगळं ओकावं लागलं. आधी दगड बाहेर आला, मग भावंडं.

या दगडाचा पुढचा पत्ताही सांगता येतो. झ्यूसने तो देल्फी या तीर्थस्थानी ठेवला, असं हेसिओद म्हणतो. इ.स. दुसऱ्या शतकातल्या पाउसानिआस या प्रवाशाने देल्फीत तो नोंदवला आहे: दगड फार मोठा नाही, त्यावर रोज तेल ओततात आणि सणावाराला त्यावर न कातलेली लोकर ठेवतात. कथा आणि पूजा कशा एकमेकींत विणल्या गेल्या होत्या, ते या एका नोंदीत दिसतं.

मग दहा वर्षं युद्ध चाललं. तितान ओथ्रिस डोंगरावर, झ्यूसची बाजू ओलिंपोसवर, आणि निकाल काही लागेना. झ्यूसने किक्लोप्सना कैदेतून सोडवलं, त्यांनी त्याला वज्र दिलं. शंभर हातांच्या भावांना सोडवलं, त्यांनी एका दमात ३०० खडक फेकले. वडिलांनी आणि आजोबांनी ज्यांना कोंडलं होतं, त्यांनाच झ्यूसने मोकळं करून आपलंसं केलं. आमच्या मते विजयाचं खरं कारण वज्रापेक्षा हे आहे. तितान तार्तारोसमध्ये गेले. तो किती खोल? आकाशातून सोडलेला काशाचा ऐरण नऊ दिवस-रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी जमिनीला लागेल. तिथून तार्तारोस पुन्हा तितकाच खाली.

क्रोनोस हा काळाचा देव ना?

नव्हे. क्रोनोस हा देव वेगळा आणि ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ हा शब्द वेगळा. उच्चार जवळचे असल्याने खुद्द ग्रीकांनीही पुढे दोघांची सांगड घातली, आणि इंग्रजीतून वाचणाऱ्याची तर हमखास गफलत होते. देवनागरीत मात्र ‘क’ आणि ‘ख’ वेगळे आहेतच. अथेन्सच्या वैभवाच्या काळात ग्रीक भाषेत ख, थ, फ हे उच्चार आपल्या ख, थ, फ सारखेच महाप्राण होते. म्हणून खाओस, थेमिस, हेफाइस्तोस ही नावं मराठीत लिहिताना इंग्रजी स्पेलिंगवरून जाऊ नये. मूळ ग्रीक अक्षर पाहिलं तर आपली लिपी जास्त चोख उतरते. झ्यूस, अपोलो, होमर ही मराठीत रुळलेली रूपं मात्र तशीच ठेवावीत.

तितान म्हणजे राक्षस का?

नाही, ते देवांचीच आधीची पिढी. थेमिस (रीत, न्याय) आणि म्नेमोसिने (स्मृती) या तितान स्त्रिया पुढे झ्यूसच्या पत्नी होतात. ओकेआनोस तर युद्धातही पडत नाही. गिगान्त हे वेगळे, त्यांचं युद्धही वेगळं आणि नंतरचं.

तीन भावांनी वाटणी कशी केली?

याची दोन उत्तरं आहेत आणि ग्रीक देवांच्या सत्तेचं मर्म त्या दोहोंच्या मध्ये आहे.

पहिलं उत्तर ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात पोसेइदोनच्या तोंडी येतं. आम्ही तिघे सख्खे भाऊ, तो म्हणतो, चिठ्ठ्या टाकल्या, मला करडा समुद्र आला, हादेसला अंधारं पाताळ, झ्यूसला आकाश. पृथ्वी आणि ओलिंपोस मात्र तिघांच्या सामाईक. झ्यूसने त्याला ट्रॉयच्या रणांगणातून निघून जायला सांगितलं तेव्हा तो हे बोलतो. आपल्या तिसऱ्या हिश्शात त्याने खुशाल बसावं, मला हुकूम का सोडतो, असा सूर आहे. अखेरीस तो जातो, कारण एरिनीएस नेहमी थोरल्याची बाजू घेतात याची देवांची दूत इरिस त्याला आठवण करून देते. होमरच्या लेखी झ्यूस थोरला आहे.

दुसरं उत्तर हेसिओदचं. त्याच्याकडे झ्यूस सर्वांत धाकटा. युद्ध संपल्यावर गाइयाच्या सल्ल्यावरून देवांनी त्यालाच राजा व्हायला सांगितलं आणि त्याने ज्याचा त्याचा मान वाटून दिला. इथे चिठ्ठ्या नाहीत. वाटणारा एक आणि घेणारे बाकीचे.

मग झ्यूस भावांमधला एक की सगळ्यांवरचा धनी? ग्रीक कथा हा प्रश्न मिटवत नाहीत आणि त्यांतले बहुतेक तंटे त्यातूनच उगवतात. हेकाते ही देवी तितानांच्या घरची असूनही तिचा पृथ्वी, समुद्र आणि आकाशातला जुना हिस्सा झ्यूस काढून घेत नाही, उलट तिला सर्वांहून जास्त मान देतो, हेही हेसिओद आवर्जून सांगतो.

वाटणीला गैरहजर राहिलेल्याचं काय झालं, याचीही कथा आहे. पिंदार या कवीने इ.स.पू. ४६४ मधल्या एका विजयगीतात ती गायली आहे. देव पृथ्वी वाटून घेत होते तेव्हा हेलिओस म्हणजे सूर्य हजर नव्हता; त्याच्या नावाची चिठ्ठी टाकायचं राहून गेलं. झ्यूस पुन्हा वाटणी करायला तयार होता. हेलिओस म्हणाला, नको, समुद्राच्या तळातून एक बेट वर येताना मला दिसतंय, तेवढं माझं. ते ऱ्होडस. त्या बेटाने पुढे हेलिओसचाच प्रचंड पुतळा उभारला.

बारा देव नेमके कोण?

झ्यूस, हेरा, पोसेइदोन, देमेतेर, अथेना, अपोलो, आर्तेमिस, आरेस, अफ्रोदिती, हेफाइस्तोस, हेर्मेस हे अकरा जवळजवळ कायम. बाराव्या जागी कधी हेस्तिआ, कधी दिओनिसोस. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरच्या शिल्पपट्टीत दिओनिसोस बसलेला आहे, हेस्तिआ नाही. ऑलिंपियातल्या यादीत तर क्रोनोस, रेआ आणि आल्फेइओस नदीही होती. आकडा बाराचा, नावं गावागणिक. अथेन्सच्या बाजारचौकात बारा देवांची वेदी होती आणि शहरापासूनची अंतरं तिथून मोजत.

हेस्तिआने आपली जागा दिओनिसोसला सोडली, ही गोड कथा सर्वत्र सापडते; प्राचीन ग्रंथांत तिला आधार नाही. हादेस या यादीत बसत नाही कारण त्याचं घर खाली आहे.

अथेना डोक्यातून, दिओनिसोस मांडीतून: असे जन्म का?

प्रत्येक जन्मामागे सत्तेचा हिशेब आहे. झ्यूसची पहिली पत्नी मेतिस, म्हणजे चतुराई. तिला आधी मुलगी होईल आणि नंतर बापाला भारी पडेल असा मुलगा, असं भाकीत होतं. आजोबाने मुलं कोंडली, वडिलांनी गिळली. झ्यूसने गरोदर बायकोच गिळली. चतुराई कायमची पोटात गेली, मुलगा जन्मलाच नाही, आणि अथेना डोक्यातून बाहेर आली. वारसाहक्काने सत्ता उलथण्याची मालिका तिथे थांबते.

हे हेराला लागलं. तिने नवऱ्याशिवाय हेफाइस्तोसला जन्म दिला, असं हेसिओद म्हणतो. होमर त्याला दोघांचाच मुलगा मानतो. त्याला ओलिंपोसवरून कोणी फेकलं याचीही दोन उत्तरं ‘इलियड’मध्येच आहेत: पहिल्या सर्गात झ्यूसने, आणि तो दिवसभर पडत पडत लेम्नोस बेटावर आदळला, अठराव्या सर्गात हेराने, पायातलं व्यंग पाहवेना म्हणून. दिओनिसोसची आई सेमेले मर्त्य होती. झ्यूसला खऱ्या रूपात पाहायचा हट्ट तिने धरला आणि त्या विजेत ती जळून गेली. बाळ झ्यूसने मांडीत शिवून पूर्ण दिवसांचं केलं. मर्त्य आईच्या पोटचा असूनही दिओनिसोस देव ठरला, त्यात या दुसऱ्या जन्माचा वाटा आहे.

देवांची ताकद किती? काही मोजमाप आहे का?

होमरने दिलं आहे. पोसेइदोन डोंगरावरून निघतो आणि तीन ढांगा टाकून चौथीला आइगाइ या आपल्या ठाण्यावर पोचतो. घायाळ आरेस ओरडतो तेव्हा आवाज नऊ-दहा हजार माणसांएवढा होतो. तो कोसळतो तेव्हा सात प्लेथ्रा जमीन व्यापतो. एक प्लेथ्रॉन म्हणजे १०० ग्रीक फूट, म्हणजे सगळा मिळून सुमारे २०० मीटर. अथेना रथात चढते तेव्हा ओकच्या लाकडाचा आस करकरतो. झ्यूस म्हणतो, आकाशातून सोन्याची साखळी सोडा, तुम्ही सगळे एका टोकाला लटका, मला खाली ओढू शकणार नाही. मी मनात आणलं तर पृथ्वी-समुद्रासकट तुम्हाला वर खेचीन.

पण हेच देव जखमी होतात. दिओमेदेस हा माणूस पाचव्या सर्गात आधी अफ्रोदितीच्या हातावर भाला मारतो, मग आरेसच्या पोटात. रक्ताऐवजी ‘इखोर’ नावाचा द्रव वाहतो, कारण देव भाकरी खात नाहीत आणि वाइन पीत नाहीत. अम्ब्रोसिआ आणि नेक्तार हे त्यांचं अन्न. दोन भावांनी आरेसला १३ महिने काशाच्या रांजणात कोंडलं होतं, असंही तिथेच येतं. देव मरत नाही. दुखणं, अडकणं, फसणं यांतून मात्र त्याची सुटका नाही.

देव सर्वज्ञ असतात का?

हेलिओसचं पाहा. त्याला ‘सगळं पाहणारा’ म्हणतात. होमरच्याच ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात थ्रिनाकिआ बेटावर त्याची गाईंची सात खिल्लारं आहेत, प्रत्येकात ५०, मेंढ्यांचेही तेवढेच कळप. ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ओडिसिअसच्या उपाशी माणसांनी गाई कापल्या, तर ही बातमी हेलिओसला त्याची मुलगी लाम्पेतिए येऊन सांगते. आणि शिक्षा तो स्वतः करू शकत नाही! तो झ्यूसकडे जातो आणि धमकी देतो: भरपाई झाली नाही तर मी पाताळात जाऊन उजेड पाडीन. वीज टाकणं हा झ्यूसचा वाटा, म्हणून गलबत झ्यूस बुडवतो.

जाता जाता, अपोलो हा मूळचा सूर्यदेव नव्हे. दोघांना एक मानायला इ.स.पू. पाचव्या शतकापासून सुरुवात झाली. होमरचा अपोलो धनुर्धारी आहे. त्याचे बाण आधी खेचरांना आणि कुत्र्यांना लागतात, मग माणसांना, आणि नऊ दिवस छावणीत साथ चालते.

एकाच गोष्टीचे दोन-तीन देव कसे? युद्धाला आरेसही आणि अथेनाही?

‘अमुकचा देव’ ही यादी पाठ केली की इथे अडायला होतं. विषयापेक्षा काम पाहा. घोडा घ्या. घोड्याची रग, उधळणं, टापांखाली हादरणारी जमीन हे पोसेइदोनचं. त्या घोड्याला लगाम घालणं हे अथेनाचं. करिंथमध्ये तिला ‘लगामवाली’ या नावाने पूजत, कारण बेल्लेरोफोन या वीराला पेगासोस हा पंखांचा घोडा आवरता आला तो तिने दिलेल्या लगामामुळे. समुद्रातही तेच: लाट आणि तुफान त्याचं, जहाज बांधण्याची कारागिरी तिची. युद्धात आरेसकडे रक्ताची चटक, अथेनाकडे डावपेच आणि नगराचं रक्षण.

एकच देव कामानुसार वेगवेगळी बिरुदंही घेतो. झ्यूस क्सेनिओस पाहुण्यांचा, होर्किओस शपथांचा, हेर्केइओस अंगणाचा, क्तेसिओस कोठीघराचा. या शेवटच्या झ्यूसची स्थापना कशी करायची ते ग्रीक लेखकांनी नोंदवलं आहे: दोन कानांचं, झाकण असलेलं नवं मडकं घ्यायचं, त्याच्या कानांना पांढरी लोकर गुंडाळायची आणि आत ‘अम्ब्रोसिआ’ भरायची. ही अम्ब्रोसिआ म्हणजे स्वच्छ पाणी, ऑलिव्हचं तेल आणि तऱ्हेतऱ्हेची फळं. वज्र फेकणारा देव धान्या-तेलाच्या कोठीत मडक्याच्या रूपात बसलेला असे. ग्रीकांचा रोजचा झ्यूस ओळखायचा तर हे मडकं ध्यानात ठेवावं.

झ्यूस नियतीपेक्षा मोठा आहे का?

सार्पेदोन हा झ्यूसचा मुलगा ट्रॉयच्या लढाईत मरणार असतो. त्याला उचलून घरी न्यावं का, असा विचार झ्यूस बोलून दाखवतो. हेरा त्याला ‘तुला जमणार नाही’ असं म्हणत नाही. ती म्हणते, कर, पण बाकीच्यांना ते मान्य होणार नाही. उद्या प्रत्येक देव आपापला मुलगा उचलून नेईल. झ्यूस रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. मोइरा म्हणजे वाटा हे इथे नीट कळतं: माणसाच्या वाट्याला आलेलं मरण एकदा मोडलं की सगळ्याच वाटण्या मोडतात, झ्यूसची स्वतःचीही.

देवाने खोटी शपथ घेतली तर?

देव स्तिक्स नदीच्या पाण्यावर शपथ घेतात. तंटा झाला की इरिस सोन्याच्या झारीतून ते पाणी आणते. हेसिओदने शिक्षा नेमकी दिली आहे. पाणी ओतून खोटं बोलणारा देव पूर्ण एक वर्ष श्वासाविना, वाचेविना पडून राहतो. अम्ब्रोसिआ आणि नेक्तार जवळही येत नाही. त्यानंतर नऊ वर्षं त्याला देवांच्या सभेत आणि पंगतीत जागा नाही. दहाव्या वर्षी तो परततो. मरण देता येत नाही, म्हणून पंगतीतून उठवणं ही सर्वांत जबर शिक्षा.

हादेस दुष्ट आहे का?

नाही. तो कठोर आहे, लाच घेत नाही, मेलेल्याला परत सोडत नाही. पेर्सेफोनेचं अपहरण त्याने केलं, पण तिच्या बापाच्या, झ्यूसच्या, संमतीने. तिच्या आईने, पिकांची देवी देमेतेरने, पीक उगवणं बंद केल्यावर तडजोड झाली: डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे पेर्सेफोने वर्षाचा एक तृतीयांश खाली, दोन तृतीयांश वर. अर्धं-अर्धं वर्ष ही वाटणी रोमन कवी ओविदची. कथेतला सैतान शोधायला गेलं की हा पितृसत्तेतला व्यवहार नजरेतून निसटतो.

यज्ञात देवांना नेमकं काय मिळे?

हाडं आणि धूर. मेकोने इथे प्रोमेथेउस या तितानपुत्राने बैलाचे दोन वाटे केले: एकात चांगलं मांस, वरून किळसवाणी कोथळ्याची पिशवी, दुसऱ्यात नुसती हाडं, वरून चकाकती चरबी. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला, तेव्हापासून माणूस मांस खातो आणि देवांसाठी हाडं जाळतो.

प्रत्यक्ष विधी ‘ओडिसी’च्या तिसऱ्या सर्गात दिसतो. पिलोसचा राजा नेस्तोर अथेनाला गाय देतो. आधी सोनार तिच्या शिंगांना सोन्याचा पत्रा चढवतो. मग हात धुण्याचं पाणी आणि बार्लीचे दाणे. तिच्या डोक्यावरचे केस कापून आगीत टाकतात. कुऱ्हाडीचा घाव मानेवर बसताच बायका मोठ्याने आरोळी देतात. मग गळा चिरतात. मांड्यांची हाडं चरबीच्या दुहेरी थरात गुंडाळून, वर कच्च्या मांसाचे तुकडे ठेवून, लाकडांवर जाळतात आणि लाल वाइन शिंपडतात. काळीज-यकृत सगळे चाखतात. उरलेलं मांस सळयांवर भाजून पंगत बसते. पाताळातल्या देवतांना देताना मात्र पुष्कळदा पशू सगळाच जाळत, पंगत नसे.

हे देव इतिहासात किती जुने आहेत?

१९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने ‘लिनिअर बी’ ही ग्रीकांची प्राचीन लिपी उलगडली. क्नोसोस आणि पिलोस इथल्या मातीच्या पाट्या इ.स.पू. सुमारे १४०० ते १२०० च्या; त्यांवर झ्यूस, हेरा, पोसेइदोन, हेर्मेस ही नावं आहेत. पिलोसमध्ये पोसेइदोनचा मान मोठा दिसतो. मोठं आश्चर्य दिओनिसोसचं. तो बाहेरून उशिरा आलेला देव असं विद्वान मानत होते. त्याचं नाव त्या पाट्यांवर आहे.

बापाचं लिंग छाटून सत्ता घेण्याची कथा मात्र ग्रीकांची एकट्यांची नाही. तुर्कस्तानातल्या हत्तुशा इथे सापडलेल्या हित्ती पाट्यांत कुमार्बी हा देव आनू या आकाशदेवाचं लिंग चावून तोडतो आणि त्यातून त्याला हरवणारा वादळदेव जन्मतो. हेसिओदच्या कित्येक शतकं आधीची ही कथा आहे.

आपल्या देवांशी काही नातं आहे का?

शब्दांचं आहे. झ्यूस आणि ऋग्वेदातला द्यौः हे एकाच मुळाचे. ‘द्यौष्पितर्’ आणि रोमन ‘ज्युपिटर’ यांत तर ‘पिता’ही सारखा. पहाटेची देवी एओस आणि उषस् यांचंही तसंच. ‘देव’ आणि ग्रीक ‘थेओस’ मात्र सारखे वाटले तरी नात्यातले नाहीत. ऊरानोस म्हणजे वरुण, ही जुनी जुळवणी आज भाषाशास्त्रात टिकत नाही. आणि शब्द एक असला तरी कथा एक होत नाही: वेदात द्यौः मागे सरलेला आहे, झ्यूस राजा आहे.

वस्तूंचं नातं पाहायचं तर कोल्हापूरला जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात पोसेइदोनची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. सातवाहन काळातल्या रोमन व्यापारातून ती आली असं मानतात. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

वाचायला सुरुवात कुठून करू?

‘थिओगोनी’च्या ११६ व्या ओळीपासून, त्याआधी काव्यदेवतांचं स्तवन आहे, ते नंतर वाचलं तरी चालतं. शेजारी मोठा कागद ठेवून वंशावळ काढत जा, नाहीतर २०० व्या ओळीपर्यंत नावांत हरवाल. मग देमेतेरचं (४९५ ओळी) आणि हेर्मेसचं स्तोत्र; दुसऱ्यात पहाटे जन्मलेलं बाळ दुपारी वीणा वाजवतं आणि संध्याकाळी अपोलोच्या ५० गाई पळवतं. त्यानंतर ‘इलियड’चे १, ५, १४ आणि १५ हे सर्ग.

ओविद शेवटी ठेवा. तो अप्रतिम आहे, पण रोमन आहे आणि हेसिओदनंतर सुमारे सात शतकांनी लिहितो. मेदुसाचं उदाहरण पुरेसं आहे. अथेनाने शिक्षा म्हणून तिच्या केसांचे साप केले, हे ओविदकडे आहे. हेसिओदकडे ती जन्मतःच गोर्गोन म्हणजे राक्षसी आहे, तिघी बहिणींतली एकटी मर्त्य, आणि पोसेइदोन तिच्याजवळ मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांत निजतो. पेर्सेउस या वीराने तिचं डोकं उडवलं तेव्हा त्या धडातून पेगासोस उडाला.